नापास खेळाचा दुसरा भाग

यंदाच्या गणपतीत आमच्या घरी एक वाद सुरू झाला आणि गौरी-गणपती गेले तरी तो मिटला नाही. वाद देवाधर्माचा नव्हता, वाटणीचा नव्हता, सीमाप्रश्नाचाही नव्हता. तो होता एका व्हिडिओ गेमचा. माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या मुख्याध्यापकाने या विषयावर दिवाळी अंकात लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. मलाही वाटले होते. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून लिहीत आहे.

माझा धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला असतो, तो सणाला आला होता. इचलकरंजीहून माझा भाचा आला होता. भाचा सी. ए. च्या परीक्षेला बसतो आहे. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूला जमा आणि खर्च अशा दोनच बाजू असतात, असे त्याचे मत झाले आहे. दोघे माजघरात लॅपटॉप घेऊन बसले, ते मोदकांचे ताट आले तरी उठेनात. शेवटी मुलाने हाक मारली, "बाबा, तुम्हीच सांगा की. एखादा गेम लोकांना आवडला नाही, तर त्याचा दुसरा भाग काढावा काय नको? तेवढी त्याची लायकी असते काय?"

भाचा लगेच म्हणाला, "मामा फिलॉसॉफीचे एम. ए. आहेत. त्यांना विचारलंस म्हणजे आता रात्र झाली."

तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाल्याचा आमच्या घरात आजवर कोणाला उपयोग झालेला नाही, आणि शाळेत मी शिकवतो ते इंग्रजी आणि समाजविज्ञान. तेव्हा मी थट्टेवारी नेऊन विषय संपवायला हवा होता. पण 'लायकी' हा शब्द कानावर पडला आणि मी खुर्ची ओढून बसलो. त्याचे कारण पुढे येईल.

आधी त्या खेळाविषयी. त्याचे नाव 'डेज गॉन'. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात बेंड नावाचे गाव आहे, त्याच गावाचे नाव घेतलेल्या 'बेंड स्टुडिओ'ने तो केला. स्टुडिओ सोनी कंपनीच्या मालकीचा. २६ एप्रिल २०१९ रोजी खेळ बाजारात आला. कथा अशी की एका साथीने माणसे पशूसारखी झाली आहेत आणि झुंडीने फिरत आहेत. डीकन नावाचा मोटारसायकलवाला ऑरेगॉनच्या जंगलातून एकटा हिंडतो आहे, कारण त्याची बायको त्या धामधुमीत नाहीशी झाली आहे. मुलाने मला थोडा वेळ दाखवले. पाऊस पडत होता, देवदारासारखी उंच झाडे होती आणि चिखलातून गाडी घसरत चालली होती. आपल्या चोर्ला घाटातला जुलै आठवला. शंभर-दोनशे जणांची झुंड अंगावर येते तेव्हा मात्र बघवत नाही.

समीक्षकांनी या खेळाला जे गुण दिले त्यांची सरासरी निघाली शंभरात ७१. हे ऐकून मी म्हणालो, "अरे, हा तर फर्स्ट क्लास! तुम्ही नापास कोणाला म्हणताय?" दोघेही हसले. त्या धंद्यात असे चालत नाही म्हणे. त्याच कंपनीच्या 'गॉड ऑफ वॉर' या २०१८ सालच्या खेळाला ९४ पडले होते. एका बाकावर ९४ वाला बसला की ७१ वाला नापासच. हा नियम आमच्या पालकांनाही तोंडपाठ आहे, तेव्हा मी गप्प बसलो.

खेळात दोषही होते. सुरुवातीला तो मध्येच अडखळत असे, चुका बऱ्याच होत्या, त्याच त्या कामगिऱ्या पुन्हा पुन्हा कराव्या लागत आणि कथा फार लांबलेली होती. पुढे दुरुस्त्या होत गेल्या, आणि ज्यांनी सवडीने खेळला त्यांचा त्यावर जीव जडला. स्टुडिओतल्या मंडळींनी दुसऱ्या भागाचा आराखडा कंपनीपुढे ठेवला. तो नामंजूर झाला. ही बातमी २०२१ च्या एप्रिलमध्ये बाहेर आली. खेळाने पैसे मिळवले होते, पण तो तयार व्हायला फार वेळ लागला आणि समीक्षकांचे मत संमिश्र पडले, ही कारणे त्या बातमीत होती. मग चाहत्यांनी अर्ज काढला, लाखावर सह्या जमल्या. पुढच्याच महिन्यात खेळ साध्या संगणकावर आला आणि या २०२५ च्या एप्रिलमध्ये नवी रंगसफेदी करून पुन्हा बाजारात आला. दुसरा भाग मात्र नाही तो नाहीच. शेवटी कथेचा एक धागा मोकळा सोडलेला आहे, तो तसाच लोंबतो आहे.

मुलाचे म्हणणे असे की हा अन्याय आहे. भाच्याचे म्हणणे असे की यात न्याय-अन्याय काही नाही. "शेकडो माणसं पाच-सहा वर्षं एका गोष्टीवर बसणार. तीच माणसं दुसरं काही नवं करतील की. फसलेल्या मालावर पुन्हा भांडवल कशाला?" एवढ्यावर न थांबता त्याने एक पुरावा काढला. या खेळाचा एक दिग्दर्शक आणि लेखक जॉन गार्विन यानेच २०२१ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते, की एखादा खेळ तुम्हाला आवडत असेल तर तो पूर्ण किमतीला विकत घ्या. तेव्हा पाठीशी उभे राहिला नाहीत तर दुसरा भाग निघाला नाही म्हणून तक्रार करू नका. भाच्याने विचारले, "आता सांग, तू कितीला घेतलास?"

मुलगा म्हणाला, "सेलमध्ये." आणि मोदक खाऊ लागला.

गार्विन यांच्या बोलण्यावर त्या वेळी पुष्कळ लोक चिडले. मला ते बोलणे कडू वाटले तरी खोटे वाटले नाही. आपल्या या अंकाचेच बघा ना. आपल्या भागात मराठी अंक निघाला पाहिजे असे दहाजण म्हणतात, त्यातले चार वाचनालयातून आणून वाचतात, तीनजण शेजाऱ्याचा वाचतात, आणि पुढच्या वर्षी अंक उशिरा निघाला तर संपादकांना रस्त्यात अडवून विचारणारे तेच सातजण असतात. (संपादकांनी हे वाक्य कापू नये ही विनंती.) पण गार्विन यांच्या बोलण्यात एक अडचण आहे. जो खेळ पहिल्या दिवशी अडखळत होता, तो दोन वर्षांनी सुधारल्यावर कमी किमतीत घेणारा माणूस कृतघ्न कसा? ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली त्याला अर्धवट माल मिळाला. ऋण कोणाचे कोणावर, हा हिशेब भाचा समजतो तितका सरळ नाही.

मी त्या दोघांना सांगितले की आधी शब्द नीट पाहू. लायक म्हणजे पात्र. आता 'पात्र' या शब्दाची मराठीत मोठी मौज आहे. भांडे म्हणजे पात्र, नाटकातला माणूस म्हणजे पात्र आणि नदी वाहते तेही पात्र. भांडे आधी असते, मग त्यात दूध घालायचे. गळके असेल तर घालायचे नाही. परीक्षा घेणाऱ्यांच्या डोक्यात पात्रता असते ती अशी. नदीचे पात्र मात्र आधी खोदून ठेवलेले नसते. पाणी वाहत राहते आणि पात्र होत जाते. आमच्या मार्कंडेय नदीला कोणी आधी पात्रता विचारली असती तर ती अजून बैलूरच्या डोंगरातच थांबली असती.

भाचा म्हणाला, "मामा, हे कीर्तन झालं. उदाहरण द्या."

उदाहरण माझ्याकडे होते, आणि त्याने दोघेही चाट पडले. १९९०च्या दशकात मी नवा शिक्षक होतो तेव्हा बसस्टँडजवळ व्हिडिओ गेमची एक अंधारी खोली होती. नववी-दहावीची पोरे शाळा बुडवून तिथे जात आणि त्यांना पकडून आणायचे काम माझ्याकडे असे. तिथे गर्दी असायची ती एका मारामारीच्या खेळाभोवती, 'स्ट्रीट फायटर टू'. मी पोरांच्या मानगुटीला धरी, पण दाराशी मिनिटभर स्वतःही बघत उभा राही, हे आज कबूल करायला हरकत नाही. त्या वेळी माझ्या मनात कधी आले नाही की नावात 'टू' आहे तर 'वन' कुठे आहे?

'वन' होता. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९८७ साली काढला होता. त्याच्या एका यंत्राला बटणांऐवजी दोन मोठ्या रबरी गाद्या होत्या. गादीवर जितक्या जोराने ठोसा माराल तितक्या जोराने पडद्यावरचा माणूस ठोसा मारणार. कल्पना चांगली, पण माणसांचे हात दुखू लागले आणि यंत्रे मोडू लागली. मग सहा बटणांचे यंत्र आले. तरी खेळाची हालचाल जडच राहिली आणि तो फार काही गाजला नाही. १९९१ मध्ये दुसरा भाग आला तेव्हा त्यात निरनिराळ्या देशांचे आठ योद्धे होते, प्रत्येकाची लढण्याची रीत वेगळी होती आणि सहा बटणे तीच होती. त्या दुसऱ्या भागाने जगभरच्या, आणि आमच्या बसस्टँडजवळच्याही, पोरांच्या शाळा बुडवल्या.

मुलगा खुश झाला. "बघा! दुसरा भाग काढला नसता तर?"

पण गोष्ट एवढीच नाही. पहिला भाग करणारे ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो हे दोघे मधल्या काळात कंपनी सोडून एस. एन. के. या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले होते. दुसरा भाग केला तो दुसऱ्यांनी. म्हणजे दुसरी संधी मिळाली ती कल्पनेला, माणसांना नव्हे. आपण 'या खेळाला आणखी एक संधी द्या' म्हणतो तेव्हा नक्की कोणाला संधी मागतो? खेळ म्हणजे निर्जीव वस्तू. तिला लाज वाटत नाही, पश्चात्ताप होत नाही, ती रात्रभर जागून अभ्यास करत नाही. पात्र ठरायचे ते करणाऱ्यांनी, नाहीतर खेळणाऱ्यांनी.

खेळणाऱ्यांचा हक्क काय असतो हे मला मुलाने सांगितलेल्या दुसऱ्या एका प्रकरणातून कळले. ते मी नंतर नीट वाचून काढले. माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म तिथे आहे.

'फायनल फँटसी' ही जपानची फार प्रतिष्ठित खेळमालिका. तिचा चौदावा खेळ स्क्वेअर एनिक्स कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये काढला. हजारो माणसे आपापल्या घरून एकाच कल्पित जगात वावरतात आणि त्यासाठी दरमहा वर्गणी भरतात, अशा जातीचा हा खेळ. तो सपशेल पडला. संथ, किचकट, करण्यासारखे फारसे काही नाही, आणि दिसायला मात्र अतिशय सुंदर. त्या सौंदर्यातच घात होता. पुढे खेळाची सूत्रे ज्यांच्याकडे आली त्या नाओकी योशिदांनी एक उदाहरण दिले आहे: त्या खेळात फुलांच्या एका कुंडीवर जेवढे चित्रणाचे काम केले होते, तेवढेच काम खेळणाऱ्या माणसाच्या आकृतीवर होते. कुंड्या रंगवण्यात संगणकाची ताकद संपली आणि एका जागी वीस माणसे जमली की खेळ गुदमरू लागला. आमच्या गॅदरिंगला दरवर्षी हेच होते. स्टेजची सजावट रात्री दोनपर्यंत आणि नाटकाची तालीम सकाळी अर्धा तास.

डिसेंबर २०१० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. जुन्या निर्मात्यांनी पद सोडले आणि योशिदा आले. वर्गणी घेणे थांबवण्यात आले, ते पुढे एक वर्षाहून अधिक काळ. आता कंपनीपुढे सोपी वाट होती. दुकान बंद करायचे, तोटा लिहून टाकायचा आणि काही वर्षांनी नव्या आकड्याचा नवा खेळ काढायचा. योशिदांनी तसे केले नाही. जुना मोडका खेळ दुरुस्त करत चालू ठेवायचा आणि त्याच वेळी पाठीमागे सगळा खेळ पायापासून नवा बांधायचा, अशी दुहेरी मेहनत त्यांनी पत्करली. ११ नोव्हेंबर २०१२ ला जुने जग बंद झाले, पण नुसते बटण दाबून नव्हे. आकाशातला एक चंद्र कित्येक आठवडे खाली येताना दिसत होता. त्या रात्री खेळणारे जमले, चंद्र फुटला, त्यातून प्रचंड ड्रॅगन निघाला आणि जग जळून गेले. ऑगस्ट २०१३ मध्ये तोच खेळ नव्या रूपाने आला. त्याची कथाच अशी होती की या भूमीवर पाच वर्षांपूर्वी मोठा प्रलय झाला. आलेले अपयश त्यांनी लपवले नाही, ते त्या जगाचा इतिहास म्हणून लिहून ठेवले. हा खेळ आज बारा वर्षांनंतरही चालू आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एक बारीक गोष्ट. त्या पडत्या काळातही जे लोक वर्गणी भरून टिकून राहिले, त्यांना नव्या खेळात कायमची कमी वर्गणी लावली आणि त्यांची नावे शेवटच्या नामावलीत छापली.

ऋण फेडणे म्हणतात ते हे. त्या खेळाला दुसरा जन्म मिळाला तो खेळ गुणी होता म्हणून नव्हे. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांचे देणे बाकी होते म्हणून. आणि हे देणे फेडायला आधी 'आमचे चुकले' म्हणावे लागले, कुठे चुकले ते कुंडीपर्यंत बोट ठेवून सांगावे लागले. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचे तसेच. त्यांचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये इतक्या वाईट अवस्थेत आला की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला. पैसे परत करावे लागले. दुसऱ्या भागाची घोषणा त्यांनी केली, पण ती २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्याची बरीचशी डागडुजी केल्यानंतर.

भाच्याने इथे बरोबर अडवले. "म्हणजे प्रत्येक फसलेल्या गोष्टीला पुन्हा संधी? मग संपलंच."

नाही. १९८२ सालचे 'ई. टी.' हे उदाहरण त्याच्याच बाजूचे आहे. स्पीलबर्गच्या चित्रपटावरून अटारी कंपनीने हा खेळ केला. हक्क मिळायला उशीर झाला आणि नाताळला तर माल दुकानात हवा. म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एकट्या प्रोग्रॅमरला साधारण पाच आठवडे देण्यात आले. त्याचा आधीचा 'यार्स रिव्हेंज' हा खेळ उत्तम चालला होता, माणूस हुशार होता. पण पाच आठवड्यांत जे झाले त्यात तो बिचारा परग्रहवासी सारखा खड्ड्यातच पडे. खेळ पडला, त्याच्यासह न खपलेला बराच माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला. २०१४ च्या एप्रिलमध्ये ती जागा उकरली तेव्हा डबे खरोखरच सापडले, आणि वॉर्शॉ तिथे हजर होता. या खेळाचा दुसरा भाग निघावा असे कोणी म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण तिथे कल्पनाच नव्हती, तारीख होती. अपुरे राहिलेले काही नव्हते की जे पुढे न्यावे. पण मग नापास कोण झाले? वॉर्शॉ की ज्यांनी पाच आठवडे दिले ते? खेळ लायक नव्हता हे खरे, माणूस लायक नव्हता असे कोणी म्हटले तर ते खोटे. वॉर्शॉ पुढे मानसोपचाराकडे वळला आणि संगणकाच्या धंद्यात थकलेल्या माणसांचे ऐकून घेण्याचे काम करू लागला.

आता 'लायकी' या शब्दावर मी का बसलो ते सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी मी एका शाळेत दहावीचा वर्गशिक्षक होतो. एक मुलगा एस. एस. एल. सी.ला गणितात आणि कानडीत गेला. मराठी माध्यमाच्या आमच्या मुलांना हे दोन विषय कसे असतात ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. वडील शेतकरी, टोपी हातात घेऊन शाळेत आले. म्हणाले, "सर, परत बसवू काय त्याला? का कामाला लावू? तुमी सांगाल तसं." मी घाईत होतो. निकालाचे तक्ते भरायचे होते. मी म्हणालो, "कशाला वर्ष घालवता? अभ्यासाची त्याची लायकी नाही. हाताला काम द्या." मुलगा दारापाशी उभा होता. ते गेले. पुढच्या आठवड्यात तो उद्यमबागेत फाउंड्रीत लागल्याचे कळले, आणि मी ते विसरलो.

गेल्या वर्षी तो माझ्यासमोर बसला होता. हुबळीत त्याच्या चार ट्रक आहेत. फोनवर चालकाशी तो जे कानडी बोलत होता ते माझ्यापेक्षा सरस होते. आता मी आहे त्या शाळेत त्याची मुलगी दहावीला होती, ती गणितात राहिली म्हणून तो आला होता. कर्नाटकात २०२४ पासून दहावीच्या वर्षाला तीन परीक्षा होऊ लागल्या होत्या; पहिलीत राहिलेला दुसरीला बसे, दुसरीत राहिलेला तिसरीला, आणि उत्तम गुण धरले जात. मी त्याला ते समजावून सांगितले. अर्जावर सही केली. तो उठता उठता म्हणाला, "सर, तुमच्यावर राग नाही. काम मिळालं, बरंच झालं. पण तुम्ही त्या दिवशी परत बसू नको एवढंच म्हणाला असता तर चाललं असतं. लायकी नाही म्हणालात, ते पंचवीस वर्षं डोक्यात ऱ्हायलं."

मला उत्तर सुचले नाही. मी चहा मागवला.

फेरपरीक्षा आणि खेळाचा दुसरा भाग या दोन्ही एकच गोष्टी आहेत असे मी म्हणत नाही. मुलगा पुन्हा बसला तर खर्च होते ते त्याचे एक वर्ष. खेळाच्या दुसऱ्या भागात शेकडो माणसांची अनेक वर्षे आणि कोट्यवधी रुपये जातात, आणि ते फसले तर त्या माणसांच्या नोकऱ्या जातात. मुलाला पुन्हा बसण्याचा हक्क आहे असे मी म्हणेन. खेळाला तसा हक्क नाही. इथे मी भाच्याच्या बाजूने आहे. सोनीने 'डेज गॉन'चा दुसरा भाग नाकारला तो तिचा अधिकार होता. सह्या लाख असल्या तरी सही म्हणजे भांडवल नव्हे.

पण त्या प्रकरणातली एक गोष्ट मला मुलाच्या बाजूला ओढते. याच खेळाचे दिग्दर्शक जेफ रॉस यांनी जानेवारी २०२२ मध्ये जाहीरपणे लिहिले, की त्यांच्या अंदाजाने खेळ ८० लाखांहून अधिक खपला होता, तरीही स्टुडिओच्या वरिष्ठांनी तो मोठा अपेक्षाभंग असल्याचेच त्यांना सतत जाणवू दिले. आकड्याचा वाद सोडा. 'आम्हाला आता दुसरे काही करायचे आहे' असे म्हणणे वेगळे आणि 'तुम्ही त्या लायकीचे नव्हता' असे जाणवून देणे वेगळे. पहिल्यात नाकारणारा आपली अडचण सांगतो. दुसऱ्यात तो आपली अडचण समोरच्याच्या कपाळावर लिहितो. मला तक्ते भरायचे होते, ही माझी अडचण होती.

आणखी एक. दुसरा भाग हे बक्षीस आहे असे आपण धरून चालतो, म्हणून लायकीचा प्रश्न येतो. बक्षीस मागे बघून देतात: काय केलेस, किती गुण पडले. दुसरा भाग हे बक्षीस नव्हे, काम आहे. आणि काम पुढे बघून सोपवायचे असते: काय राहिले आहे, ते कोण करील, कुठे चुकले ते त्याला कळले आहे काय. या दृष्टीने पाहिले तर जो खेळ पहिल्याच झटक्यात सर्वांगसुंदर झाला, त्याला दुसऱ्या भागाची गरज सगळ्यात कमी. तरी बाजारात तिसरा, चौथा, दहावा भाग निघतो तो त्याचाच. राज कपूरचा 'मेरा नाम जोकर' १९७० साली पडला, त्यानंतर १९७३ मध्ये 'बॉबी' आला आणि चालला. दोन्ही पाहिलेल्या माणसाला विचारा, अर्धवट राहिल्याची रुखरुख कोणत्या चित्रपटाची वाटते.

'डेज गॉन'विषयी माझे मत मी मुलाला सांगितले ते असे. कल्पना जिवंत आहे, दोष कुठे होते ते करणाऱ्यांना माहीत आहे, धागा मोकळा आहे. दुसरा भाग निघाला असता तर त्यात गैर काही नव्हते. पण 'निघायलाच पाहिजे' म्हणण्याचा अधिकार ज्याने पहिल्या दिवशी अडखळत्या खेळाला पूर्ण किंमत मोजली त्याचा थोडाफार असेल, सेलमध्ये घेणाऱ्याचा नाही. मुलगा म्हणाला की एप्रिलमध्ये या खेळाला जोडायचा जो नवा भाग निघाला तो त्याने पूर्ण किमतीत घेतला आहे. भाच्याने तेवढे त्याच्या बाजूला जमा धरले.

भाचा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.ने गेला. दुपारी मुलगा म्हणाला, "बाबा, एवढं बोललात, एकदा चालवून तरी बघा." मी चष्मा पुसून बसलो. गाडी दोनदा झाडावर घातली, एकदा ओढ्यात. मग जरा जमले. पाऊस लागला होता, रस्ता मोकळा होता, मी बराच लांब गेलो असेन. तेवढ्यात गाडी फटफट करून थांबली. या खेळात पेट्रोल संपते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

मुलाने आतून विचारले, "काय झालं?"

मी म्हणालो, "ये बघू जरा. इथे कॅन कुठे मिळतो?"